डिझेलच्या एका थेंबाचे गणित

एप्रिल महिन्यात संध्याकाळच्या वेळी हातखंब्याच्या तिठ्यावर तुम्ही कधी उभे राहिला आहात का? रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून निघालेल्या पिकअप गाड्या येथे दोन वाटांनी फुटतात. काही डावीकडे वळून मुंबईच्या रस्त्याने वाशीच्या बाजाराकडे जातात, तर काही पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात. या गाड्या वेग घेतात तेव्हा त्यांच्या मागे जरा निरखून पाहा. एखादी गाडी जवळजवळ काहीच धूर सोडत नाही. तिच्याच वयाची, तिच्याच जातीची आणि तेवढ्याच पेट्या घेतलेली दुसरी गाडी मात्र काळ्या धुराचा लोटच्या लोट टाकीत जाते. दोघींत डिझेल एकाच पंपावरचे असेल. मग हा फरक कशामुळे?

हा प्रश्न मला गेल्या हंगामात अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारला, आणि तो तिच्यासाठी केवळ पुस्तकी नव्हता. तिच्या वडिलांची अशीच एक पिकअप आहे, जवळजवळ वीस वर्षे जुनी. घर त्या गाडीवर चालते. गाडी घाटात मान टाकू लागली होती, धूर वाढला होता आणि प्रदूषण तपासणीत ती नापास झाली होती. हंगाम ऐन भरात, आणि कागद नसताना गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे दंडाची टांगती तलवार. कुणीतरी सल्ला दिला होता, "पंपाचा स्क्रू थोडा वाढवून घ्या, पिकअप येईल." तिने मला विचारले, "सर, स्क्रू वाढवला तर डिझेल जास्त जाईल. पण धूर तर डिझेल जळत नाही म्हणूनच येतो ना? मग जास्त डिझेल घालून तो कमी कसा होईल?"

प्रश्न अगदी मुद्द्याला धरून होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला आधी एक छोटे गणित करावे लागेल. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, पिकअप सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरला १२ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला ५ लिटर डिझेल लागले. इंजिन मिनिटाला २५०० फेरे करीत आहे असे धरा. इंजिन चार सिलिंडरांचे आहे आणि चार टप्प्यांच्या चक्रावर चालणारे आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल उडवले जाते. एका सिलिंडरात मिनिटाला १२५० वेळा. चारांत मिळून ५००० वेळा. तासाला ३ लाख वेळा. आता ५ लिटर म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. त्याला ३ लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे १७ घन मिलिमीटर.

एवढ्या डिझेलचा एकच गोल थेंब केला तर त्याचा व्यास ३.२ मिलिमीटर भरेल. मोहरीच्या दाण्याहून मोठा, मिऱ्याच्या दाण्याहून लहान! दोन-अडीच टनांची भरलेली गाडी या थेंबांवर धावते. इंजिनाची 'ट्यूनिंग' म्हणतात ती सगळी या थेंबाची ट्यूनिंग आहे. थेंब केव्हा सोडायचा, किती बारीक करून सोडायचा आणि केवढा सोडायचा, हे तीन प्रश्न. पैकी तिसऱ्या प्रश्नाचा स्क्रू पंपावर हाताशी असतो, म्हणून जो उठतो तो आधी तोच फिरवतो. माझ्या मते निम्मा काळा धूर या सवयीतून येतो. पण आपण क्रमाने जाऊ.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने आग लावावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही हात लावून पाहिले असेलच. डिझेल इंजिनाचे सारे रहस्य त्या गरम टोकात आहे. दट्ट्या वर येतो आणि सिलिंडरातील हवा मूळ जागेच्या अठराव्या भागात कोंबतो. हे इतक्या झटपट होते की उष्णतेला बाहेर पडायला फुरसत मिळत नाही. अशा दाबनाचे सूत्र बारावीला येते. त्यात आकडे घालून पाहिलेत तर ३० अंश सेल्सियसची हवा ६९० अंशांच्या आसपास जाते असे दिसेल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती थोडी उष्णता ओढून घेतात, पण तरीही डिझेल आपोआप पेटण्यासाठी लागणाऱ्या तापमानाच्या हे कितीतरी वर असते. या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते पेटते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही फारच मोठी झेप होती. पण इंधन आत घालण्यासाठी त्याने संकुचित हवेचा झोत वापरला होता आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. म्हणून कितीतरी वर्षे हे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांतच राहिले. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून इंधनाला थेट दाब देणारे छोटे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रकखाली मावू लागले. भारतात या पंपांचा कारखाना १९५१ साली बंगळूरला 'मायको' या नावाने निघाला. पुढे नाशिकच्या सातपूरला नोझल तयार होऊ लागली. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश झाले, तरी आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून 'मायकोचा पंप' असेच म्हणतात. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या जुन्या होड्यांच्या इंजिनांवरही याच जातीचे पंप तुम्हाला दिसतील.

आता पंपाच्या आत डोकावू. चार सिलिंडरांसाठी चार बारीक दट्टे एका ओळीत उभे असतात. प्रत्येक दट्ट्या आपल्या नळकांड्यात इतका घट्ट बसतो की दोघांमध्ये दोन-चार सहस्रांश मिलिमीटरचीच फट राहते. आपल्या डोक्याचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो. ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार केलेली असते. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. खालून कॅम ढकलतो, दट्ट्या वर जातो, नळकांड्याच्या भिंतीतले छिद्र झाकले जाते, आणि त्या क्षणी वरचे डिझेल कोंडले जाऊन दाब चढू लागतो.

मग डिझेल कमी-जास्त कसे करायचे? दट्ट्याची उचल तर कॅमने कायमची ठरवलेली. येथे एक सुरेख युक्ती आहे. एका आयताकृती कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढा आणि तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. रेघ पेन्सिलीभोवती चढत जाईल, जशी स्क्रूची आटी. पंपाच्या दट्ट्यावर अशीच तिरकी खाच कोरलेली असते. दट्ट्या वर जाता जाता ही खाच छिद्रासमोर आली की कोंडलेले डिझेल खाचेतून परत पळते आणि फवारा थांबतो. आता पेन्सिल जरा फिरवा. त्याच छिद्रासमोर रेघ आधी येईल किंवा उशिरा येईल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पंपात हेच होते. दट्टे किंचित फिरतात आणि फवारा उशिरा थांबतो, म्हणून डिझेल जास्त जाते. या फिरण्याला एक अडसर असतो. तोच तो प्रसिद्ध स्क्रू. कारखान्यात तो ठरवून त्यावर सील लावलेले असते. आमच्या पिकअपवरचे सील केव्हाच तुटलेले होते.

तो स्क्रू कुठवर न्यायचा याला हवेची मर्यादा आहे. इंजिन अडीच लिटरचे असले तर एका सिलिंडरात सव्वासहाशे घन सेंटिमीटर जागा असते. रत्नागिरीच्या उन्हाळ्यातली हवा एका श्वासात सुमारे ०.६ ग्रॅम आत जाते. एक ग्रॅम डिझेल पुरते जाळायला साडेचौदा ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ५० घन मिलिमीटर डिझेल जळू शकेल. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात डिझेलच्या प्रत्येक कणाला हवेतल्या प्रत्येक कणाशी गाठ घालायला वेळ मिळत नाही, म्हणून त्याच्या पाऊणपटीच्या आसपासच काळा धूर डोकावू लागतो. त्यापुढे स्क्रू फिरवलात तर जादा डिझेलमधला हायड्रोजन जळतो, पण कार्बनचा बराच भाग काजळी होऊन बाहेर पडतो. शक्ती थोडी वाढते खरी, म्हणून मालकाला वाटते की काम झाले. पण ती फार महाग शक्ती असते, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुफ्फुसांतून तिची किंमत वसूल होते.

आणि घाटात? आंबा घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तेथे हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते. जुन्या इंजिनाला टर्बोचार्जर नसला तर ते फक्त स्वतःच्या श्वासावर जगते. पंपाला हवेची जाणीव नसते. तो रत्नागिरीत जेवढे डिझेल देई तेवढेच माथ्यावरही देतो. म्हणून जो स्क्रू किनाऱ्यावर जेमतेम चालून गेला तो घाटात काळा लोट काढतो. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. स्क्रू वाढवणे हा धुरावरचा उपाय नव्हेच. पण मग गाडी मुळात मंद का झाली, हे उरतेच.

त्यासाठी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पंप आणि नोझल हाच त्यांचा धंदा. त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. आधी हवेचा फिल्टर काढून जमिनीवर आपटला. तांबड्या मातीचा ढीग पडला! बागांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचे नाक असेच चोंदते. मग ते इंजिन सुरू ठेवून एकेका नोझलच्या नळीचे नट क्षणभर सैल करू लागले. नट सैल केला की त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर गळते आणि तो सिलिंडर बसतो. पहिला आणि चौथा बसवला तेव्हा इंजिन लंगडू लागले. दुसरा बसवला तेव्हा आवाजात फारसा फरकच पडला नाही. "हा आधीच झोपलेला होता," मिस्त्री म्हणाले. तिसराही अर्धवटच. चार गोष्टींपैकी एकच बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या आणि परिणाम पाहायचा. प्रयोगशाळेत आम्ही तुम्हाला दुसरे काय शिकवतो?

दुसरे आणि तिसरे नोझल काढून टेस्टरला लावले. टेस्टर म्हणजे हाताच्या दांड्याचा पंप आणि दाब दाखवणारा काटा. चांगले नोझल ठरलेल्या दाबालाच उघडते. या इंजिनाच्या नोझलचा दाब २०० बारच्या आसपास असतो. २०० बार म्हणजे किती? पाण्याचा दोन हजार मीटर उंच स्तंभ तळाशी जेवढा दाब देईल तेवढा. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. त्याहूनही उंच नळ डोळ्यांसमोर आणा. चौथे नोझल नमुना म्हणून लावले तेव्हा दांडा दाबताच 'किर्रर्र' असा आवाज झाला आणि धुक्यासारखा फवारा उडाला. दुसऱ्या नोझलमधून मात्र काटा बराच खाली असतानाच धार निघाली आणि दांडा सोडल्यावर टोकाला एक थेंब लोंबत राहिला.

येथे एक सूचना, आणि ती गंमत म्हणून घेऊ नका. टेस्टरवरच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही नेऊ नये. एवढ्या दाबाचे डिझेल कातडीला सुईसारखे भोक पाडून आत शिरते. जखम बाहेरून मुंगी चावल्याएवढी दिसते, पण वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागते. नटाचे काम करताना डोळ्यांना चष्मा हवा आणि ते काम जाणत्याचेच. तुम्ही लांबून पाहा.

फवारा बारीकच का हवा, हे आंबा बागायतदाराच्या मुलाला सांगायला नको. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी करताना नोझल झिजलेले असले तर औषधाचे मोठे थेंब पानांवरून ओघळतात, निम्मे औषध जमिनीवर जाते आणि तुडतुडे मजेत राहतात. डिझेलचेही तसेच. थेंब जळतो तो फक्त पृष्ठभागावरून, कारण हवा तेथेच भेटते. आपल्या सव्वातीन मिलिमीटरच्या थेंबाचे पृष्ठफळ जेमतेम ३२ चौरस मिलिमीटर आहे. त्याचे ०.०२ मिलिमीटर व्यासाचे तुषार केले तर त्यांची संख्या होते सुमारे ४० लाख, आणि सर्वांचे मिळून पृष्ठफळ होते ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटातल्या एका पत्त्याएवढे. मोहरी-मिऱ्यामधला दाणा पत्त्याएवढा पसरला! हे सारे एक-दीड सहस्रांश सेकंदात उरकायचे असते. ठिबकणाऱ्या नोझलमधून मोठे थेंब पडतात. ते आतपर्यंत जळण्याआधीच दट्ट्या खाली जातो, सिलिंडर थंडावतो आणि थेंबाचा गाभा काजळी होऊन बाहेर पडतो. म्हणजे डिझेल जास्त नसतानाही धूर काळाच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही धूर सारखेच दिसतात.

दोन्ही नोझल नवी बसवली. गाडी बरीच सुधारली. पण सकाळी सुरू करताना पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि चढणीवर तापणे हे उरलेच. मिस्त्रींनी विचारले, "पंप कधी खोलला होता काय?" खोलला होता, पावसाळ्यापूर्वी. "मग टायमिंग बघायला हवे."

टायमिंग म्हणजे थेंब सोडण्याची वेळ. दट्ट्या सर्वांत वरच्या जागी पोहोचतो तिला मिस्त्री टीडीसी म्हणतात. नेमके तेव्हाच डिझेल सोडावे, असे कुणालाही वाटेल. पण फटाक्याला वात असते तशी डिझेललाही असते. फवारा आत शिरल्यावर त्याची वाफ होऊन तो पेटेपर्यंत थोडा वेळ जातो, साधारण एक सहस्रांश सेकंद धरा. मिनिटाला २५०० फेरे करणारे इंजिन सेकंदाला १५,००० अंश फिरते. म्हणजे वात जळेपर्यंत ते १५ अंश पुढे गेलेले असते. म्हणून दट्ट्या वर पोहोचायच्या आधीच काही अंश थेंब सोडावा लागतो. किती अंश, ते प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते.

वेळ फार आधीची झाली तर हवा अजून पुरेशी तापलेली नसते. वात लांबते, तोवर बरेच डिझेल साठते आणि मग एकदम भडकते. वर येणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यात जणू हातोडा बसतो. इंजिन खडखडते तो हाच आवाज. वेळ उशिराची झाली तर आवाज मऊ होतो, आणि अनुभव नसलेला माणूस म्हणतो, वा, इंजिन काय शांत चालले आहे! पण तेव्हा डिझेल खाली जाणाऱ्या दट्ट्यामागे धावत धावत जळत असते. झोपाळा हातापासून दूर गेल्यावर त्याला धक्का देण्यासारखे ते आहे. काम कमी होते, उष्णता सायलेन्सरमध्ये आणि पाण्यात जाते, आणि इंजिन थंड असताना काही डिझेल न जळताच पांढरी वाफ होऊन निघून जाते.

हे मोजायला मिस्त्रींकडे कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र नव्हते. त्यांनी पंपाच्या पहिल्या तोंडाची झडप काढली, तेथे बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी बसवली आणि हातपंपाने डिझेल ढकलत ठेवले. नळीतून धार सुरू झाली. मग इंजिन हाताने अगदी सावकाश फिरवू लागले. धार बारीक झाली, थेंब पडू लागले, थेंबांमधले अंतर वाढले, आणि थांबले. ज्या क्षणी थेंब थांबला त्या क्षणी पंपाच्या दट्ट्याने छिद्र झाकले. म्हणजे कोंडणे सुरू झाले. तेथेच थांबून फ्लायव्हीलवरची खूण वाचायची. पुस्तकापेक्षा चार अंश उशीर होता.

चार अंश म्हणजे केवढे? फ्लायव्हीलचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर कडेवर एक अंश म्हणजे अडीच मिलिमीटरांहून किंचित जास्त. चार अंश म्हणजे एक सेंटिमीटर. पण पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याचे बूड लहान असते. तेथे इंजिनाचा एक अंश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, आपल्या नखाच्या जाडीएवढा! पंपाच्या बुडाला लांबट भोके असतात; नट सैल करून पंप जरासा कलवता येतो. पंपाचा दांडा ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला पंप कलवला की फवारा लवकर सुटतो. मिस्त्रींनी दोन मिलिमीटर कलवला, नट आवळले, पुन्हा थेंब मोजले, पुन्हा अर्धा मिलिमीटर मागे घेतला. चौथ्या वेळी जमले. मुलगी वहीत प्रत्येक वेळचा अंश लिहून घेत होती.

हे चालले असताना तिने एक गोष्ट टिपली, जी मी इतकी वर्षे पाहूनही पाहिली नव्हती. पंपाला जवळ असलेल्या सिलिंडरची नळी सरळ न जाता उगाच वळसा घेऊन जात होती. तिने विचारले, मिस्त्री हसून म्हणाले, "कंपनीतूनच तशी येते." आम्ही नळ्या दोऱ्याने मोजल्या. चारही एकाच लांबीच्या, ६० सेंटिमीटरच्या निघाल्या! आता कारण शोधा. पंपाने दिलेला दाबाचा धक्का नळीतून नोझलपर्यंत जातो तो डिझेलमधल्या ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १३०० मीटरच्या आसपास. ६० सेंटिमीटर जायला त्याला ०.४६ सहस्रांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात इंजिन ७ अंश फिरते. एखादी नळी २० सेंटिमीटर आखूड केली तर तो सिलिंडर इतरांपेक्षा सव्वादोन अंश आधी पेटेल. म्हणून जवळच्याला वळसा. नळी मोडली म्हणून भंगारातली दुसरी, दिसायला सारखी नळी लावणारे गॅरेज मी पाहिले आहे. त्यानंतर ते इंजिन कधीच एका तालात चालले नाही.

सगळ्यात शेवटी मिस्त्रींनी स्क्रूकडे पाहिले, आणि तो वाढवण्याऐवजी मागे घेतला. गाडीमालकांचा चेहरा उतरला. "आधीच ओढत नाही, त्यात डिझेल कमी करता?" मिस्त्री म्हणाले, "घाट चढून या, मग बोला." ते साखरपा सोडून आंबा घाटात गेले, भरलेली गाडी घेऊन. जेथे दुसऱ्या गिअरवर यावे लागे ती दोन वळणे तिसऱ्यावर निघाली. धूर अगदी गेला नाही. भर चढणीला राखी रंगाची छटा राहिलीच. वीस वर्षांच्या इंजिनाकडून त्याहून अधिक मागणे बरोबर नाही.

धूर तपासणीच्या यंत्रातही थोडे भौतिकशास्त्र आहे. धूर ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरतात, एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा घटक. इंजिन संथ चालू असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात. प्रकाशाचा जेवढा टक्के भाग धुराने अडवला तेवढा आकडा येतो. त्या एककाला हार्ट्रिज म्हणतात. या वयाच्या डिझेल गाड्यांना ६५ ही मर्यादा आहे, नव्यांना त्याहून कडक. आता एक कोडे. धूर तोच ठेवून नळीची लांबी निम्मी केली तर ६५ चा आकडा किती होईल? साडेबत्तीस म्हणालात तर चुकलात. पूर्ण नळीतून ०.३५ प्रकाश पार होतो. निम्म्या नळीतून त्याचे वर्गमूळ, म्हणजे ०.५९. आकडा येतो ४१. असे का, याचा विचार वर्गात शिक्षकांबरोबर करा.

आमच्या पिकअपचा आकडा पहिल्या वेळी ८१ होता. दुसऱ्या वेळी तो ५४ आला आणि कागद मिळाला.

१ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांना बीएस-६ हा दर्जा लागू आहे. त्यांत तिरक्या खाचेचा पंप राहिलेला नाही. तेथे एका जाड नळीत दीड हजार बारच्याही वर दाब कायम कोंडलेला असतो, आणि नोझल केव्हा व किती वेळ उघडायचे ते संगणक ठरवतो. एका स्फोटासाठी तो दोन-तीन तुकड्यांतही डिझेल सोडतो, म्हणजे वात लांबून होणारी ती खडखड उरत नाही. तेथे मिस्त्रींच्या हातात पान्याऐवजी लॅपटॉप असतो. तरी संगणकाला सोडवायचे प्रश्न तेच आहेत: केव्हा, किती बारीक, केवढा.

जुन्या गाडीच्या मालकांना मिस्त्रींनी निघताना एकच गोष्ट बजावली. हंगाम संपल्यावर, जूनपासून गाडी उभी राहते, तेव्हा टाकी रिकामी ठेवू नका, काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या टाकीत कोकणातली दमट हवा भरते, रात्री पत्र्यावर तिचे पाणी होते आणि डिझेलखाली जाऊन बसते. तेच पाणी पुढे पंपाच्या त्या दोन-चार सहस्रांश मिलिमीटरच्या फटीत गंज धरते. यंदा पाऊस सुरू झाल्यावर मुलीने फिल्टरच्या तळाची चाबी उघडून पाहिली. बाटलीत तीन चमचे पाणी आले. ती बाटली आता आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली आहे; वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि मध्ये अगदी स्पष्ट रेघ.